आजीचा बाप, खालाचा अल्ला

आमच्या घरात देवावरून भांडणं व्हायची आणि ती शेवटपर्यंत मिटली नाहीत. हे मी कौतुकानं सांगते आहे. दौंडच्या रेल्वे क्वार्टरांत आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान कुटुंब राहायचं. त्या घरातली खाला आणि आमची आजी यांची वादावादी ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो. हल्ली कुणी ‘शेवटी सगळे देव सारखेच’ असं म्हणून विषय संपवून टाकतं, तेव्हा मला या दोघी आठवतात. दोघींनी त्या माणसाला बसवून घेतलं असतं, चहा दिला असता आणि मग चांगलं फैलावर घेतलं असतं. देव एकच, याबद्दल दोघींच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पण तो आहे कसा, असं विचारलं की दोघींची तोंडं दोन दिशांना.

आधी आजीचं सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. केडगाव दौंड तालुक्यातलंच, पुण्याहून येताना दौंडच्या अलीकडे लागतं. पंडिता रमाबाईंनी तिथल्या माळावर जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी पोरीबाळी, विधवा गोळा करून घेऊन आल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच गुजरातेत छप्पनिया पडला. संवत १९५६ चा म्हणून छप्पनिया. त्या वेळी आणलेल्या मुलींत आजी होती. वय सहा की सात, हे तिलाही ठाऊक नव्हतं. गावाचं नाव गेलं, आईबापांची नावं गेली, जात गेली, बोलीसुद्धा गेली. राहिलं होतं ते एवढंच, की बाप पुढे चालत होता आणि मग चालेनासा झाला. हे ती क्वचितच सांगायची, आणि सांगताना हातातलं काम थांबवायची नाही. शेंगा फोडत असली तर शेंगा फोडतच.

त्या सुमाराला मुक्तीत दीड हजाराहून जास्त बायका-मुली होत्या म्हणतात. शेती, गुरं, हातमाग, घाणा, छापखाना, सगळं बायकांच्याच हातात. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवायचे. आजी छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल तिथल्याच मुलींनी जुळवलं आणि छापलं. बाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याच्या कितीतरी आधी आजीचं लग्न होऊन ती मुक्तीतून बाहेर पडली होती, पण सुरुवातीची काही पानं आपल्या हातची, असं ती सांगायची. कुठली पानं, ते मात्र दर वेळी बदलायचं. कधी मत्तय, कधी लूक. आम्ही कधी टोकलं नाही.

आणि १९०५. त्या पावसाळ्याच्या तोंडाशी मुक्तीत संजीवन झालं, असं आजी म्हणायची. मुली प्रार्थनेला बसायच्या आणि एकदम शेकडो जणी मोठ्यानं रडत, ओरडत, प्रार्थना करत सुटायच्या. देशोदेशीच्या ख्रिस्ती वर्तमानपत्रांतून त्याची वर्णनं छापून आली. आजी तेव्हा बारा-तेराची असेल. पुढे पवित्र आत्म्याबद्दल कुणी शंका काढली की ती म्हणायची, “मला शिकवू नका, मी त्या खोलीत होते.”

आजोबा शिरूरचे. आमच्या घरात शिरूर कुणी म्हणत नसे, घोडनदीच म्हणायचे. तिथे एके काळी इंग्रजांची छावणी होती; कोरेगावला लढलेली कॅप्टन स्टाँटनची फौज ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री तिथूनच निघाली. छावणी गेली आणि अमेरिकन मराठी मिशन राहिलं. मिशनच्या उद्योगशाळेत घायपाताचा वाख काढायचं काम चाले, सुतारकाम चाले. सर दिनशा पेटिटांचं नाव त्या शाळेला होतं. आजोबा तिथे रंधा धरायला शिकले आणि त्या जोरावर दौंडला रेल्वेच्या डब्यांच्या कामावर लागले. दर सुगीला घोडनदीहून बाजरी आणि हुलगे यायचे. मग आजी शेंगोळी करायची. तिच्या हातच्या मासवड्यांचा वास पार सांधेवाल्यांच्या खोल्यांपर्यंत जायचा, असं वडील म्हणत.

घोडनदीची एक गोष्ट आजोबा नेहमी सांगत आणि ती इथे सांगायलाच हवी. तिथे कर्नल वॉलेस नावाच्या साहेबाची कबर आहे. हा १८०९ साली वारला. माणूस न्यायी, रयतेला जपणारा. त्याच्या पश्चात गावकऱ्यांनी त्याला सत्पुरुष ठरवलं. सुगीचं पहिलं धान्य आलं की त्याच्या कबरीपुढे नैवेद्य. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरातसुद्धा ही नोंद आहे. साहेब रात्री गावाला फेरी मारतो, असं आजोबांच्या लहानपणी म्हाताऱ्या सांगायच्या. मिशनच्या मास्तरांनी मुलांना तिकडे फिरकायला बंदी केली होती. पण आजोबांची आई बाप्तिस्मा झाल्यावरही मूठभर बाजरी गुपचूप ठेवून यायची.

ही गोष्ट निघाली की खाला कान टवकारून ऐकायची. ज्या साहेबाच्या धर्माला त्याचं दैवत होणं कधी मान्य झालं नसतं, त्याला गावानं दैवत केलं! “माणूस कितीही चांगला असू दे, मेला की माणूसच,” असं म्हणून ती आजीकडे बघायची. वॉलेस हे नुसतं निमित्त असायचं. रोख कुठे आहे ते आजीला बरोबर कळायचं.

“आमच्यात माणसाचा देव नाही केला, गे. देवच माणूस झाला.”

“तेच ते, बाई.”

“तेच कसं?”

आणि सुरू.

चाचा, म्हणजे खालाचा नवरा, आधी फायरमन होता, पुढे ड्रायव्हर झाला. दौंड म्हणजे जंक्शन. १८७८ साली मनमाडचा फाटा झाला तेव्हापासून गावाचं सगळं जगणं इंजिनांभोवती. मनमाडकडून येऊन पुण्याला जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि तेवढ्या वेळात चहावाल्यांची चंगळ. रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा, दाराची कडी वाजवून चाचाचं नाव पुकारायचा. खाला उठून डबा भरायची. तो लोखंडी पेटी उचलून शेडकडे निघाला, की ती पायरीवर उभी राहून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची आणि त्याच्या पाठीवर हलकी फुंकर घालायची. मी खिडकीतून बघायची. काय म्हणतेस, असं एकदा विचारलं. ती म्हणाली, “त्याला अल्लाच्या हवाली करते. माझ्या हातात काय आहे?”

त्या दोन घरांत ताटांची ये-जा होती. ईदला शीरखुर्मा यायचा, पितळेच्या पातेल्यात, वर खारकेचे काप. नाताळात आमच्याकडून करंज्या, चकल्या आणि पुण्याच्या बेकरीतला केक. मोहरमचं सरबत, ईस्टरची अंडी. आमच्या नगर-घोडनदीकडच्या ख्रिस्ती लोकांत एकमेकांना ‘सलाम’ करायची जुनी रीत होती. त्यामुळे आजोबा आणि चाचा सकाळी नळावर भेटले, की दोघांचा सलाम एकसारखाच.

बकरी ईदला मटणाचा वाटा यायचा. कुर्बानीचे तीन वाटे करायची चाल आहे. एक घरचा, एक सग्यासोयऱ्यांचा, एक गरिबांचा. आमचा वाटा दुसऱ्यातला, हे खाला मुद्दाम सांगायची. आजी तो घ्यायची, शिजवायची, आणि वाद तिथूनच निघायचा. इब्राहिमानं, म्हणजे आमच्या अब्राहामानं, सुरी उगारली ती कोणत्या मुलावर? आमच्या उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाक. खाला म्हणायची इस्माईल. कुराणात त्या जागी मुलाचं नाव दिलेलं नाही, पण मुसलमान मानतात ते इस्माईललाच. यावर दोघी किती बोलल्या असतील! पण मुलाच्या नावापेक्षा खोल गोष्ट पुढे होती, आणि ती मला फार उशिरा उमगली.

खाला म्हणायची, सुरी थांबली, तिथेच गोष्ट पुरी झाली. अल्लाला रक्त नको, मांस नको, माणसाच्या मनातला आदर तेवढा पोचतो. आदमची चूक झाली, त्यानं माफी मागितली, अल्लानं ती दिली. संपलं. ते पाप पोरांच्या माथी नाही. “माफ करायला त्याला कुणाचा जामीन लागत नाही, बाई.”

आजी म्हणायची, सुरी थांबली ती माणसाच्या पोरासाठी. देवाच्या स्वतःच्या पुत्राची वेळ आली तेव्हा कुणी थांबवली नाही. पाप म्हणजे नुसती चूक नाही, ते देणं आहे, आणि ते कुणीतरी फेडावं लागतं. आपल्याच्यानं फिटेना, म्हणून त्यानं फेडलं.

न्याय आणि दया यांची गाठ देवाच्या ठायी कशी पडते, हा मोठमोठ्या पंडितांचा प्रश्न. आमच्याकडे तो मटणाच्या रश्श्याबरोबर निघायचा.

त्रैक्याचा वाद मात्र पुरुषांच्या बाजूनं सुरू झाला. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे मिळून एकच देव, हे चाचाला कधी पटेना. आजोबांनी त्याला समजावलं ते इंजिनवाल्याला कळेल अशा भाषेत: पाणी एकच, त्याची वाफ होते, त्याचा बर्फ होतो, तसंच हे. चाचा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मिस्त्री, जेवढ्याची वाफ झाली तेवढं पाणी कमी झालं. मी रात्रभर त्या काचेवर डोळा ठेवून असतो. पाणी खाली गेलं तर भट्टीच्या माथ्यावरचं शिसं वितळतं आणि आमचं मरण. तुमचा देव वाफ झाला तेव्हा पाणी कोण होतं?”

आजोबा निरुत्तर. रविवारी उपासनेनंतर त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, तुमचा शेजारी बरोबर बोलतो. एकच देव वेळेनुसार तीन रूपं घेतो, ही कल्पना मंडळीनं फार पूर्वीच नाकारली आहे. येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र यार्देनेच्या पाण्यात होता, आत्मा कबुतरासारखा उतरत होता आणि बापाची वाणी वरून आली. तिघेही एकाच वेळी. आळीपाळीनं नाही. आणि पुत्र हा बापानं निर्माण केलेला, म्हणून खालचा, असंही म्हणता येत नाही. अलेक्झांड्रियाचा एरियस नेमकं तेच म्हणत होता. त्यावरून ३२५ साली निकायाला सगळे बिशप बसले आणि ठरवलं, की पुत्र बापाच्याच तत्त्वाचा आहे.

आजोबांनी घरी येऊन हे जसंच्या तसं चाचाला सांगितलं, हे मला विशेष वाटतं. आपली बाजू लंगडी पडली, ते लपवलं नाही. चाचा म्हणाला, म्हणजे आमच्या पैगंबरांच्या आधी तीनशे वर्षं तुमचीच माणसं हा सवाल विचारत होती की! कुराणात ख्रिस्ती लोकांना बजावलं आहे, की तीन म्हणू नका. आजी आतून ओरडली, “आम्ही तरी तीन कुठे म्हणतो?” खालाचं उत्तर ठरलेलं. अल्लाला ना मूल, ना आईबाप, ना कुणी जोडीचा. कुराणात इखलास नावाची चार आयतांची छोटी सूरा आहे, तिचं सार हेच. खाला ती दिवसातून कितीदा म्हणत असेल, कोण जाणे.

तरी येशूबद्दल खालाच्या तोंडून वावगा शब्द कधी आला नाही. त्याचं नाव घेतलं की पुढे अलैहिस्सलाम. तो कुमारीच्या पोटी जन्मला, त्यानं मुडद्यांना उठवलं, तो मसीहा आहे, हे सगळं तिला मान्य. मरियमच्या नावानं कुराणात अख्खी सूरा आहे, आणि कुराणात नावानिशी आलेली बाई ती एकटीच, हे आजीला प्रथम खालानंच सांगितलं. आजीला त्याचं भारी अप्रूप वाटलं. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत मरियेचं नाव नाताळाखेरीज फारसं निघत नसे.

गुड फ्रायडेला आजीचा कडक उपास. वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना दुपारी तीनपर्यंत चालायची. एका वर्षी ती घरी येऊन टेकली तेवढ्यात खाला लिंबाचं सरबत घेऊन आली आणि सरबताबरोबर प्रश्नही: देव मेला म्हणता, मग तीन दिवस दुनिया कोण चालवत होतं? आजी म्हणाली, “बाप.” खाला म्हणाली, “मग झाले की दोन.” कुराणात तर येशू क्रुसावर मेलाच नाही, लोकांना तसं भासलं. आपल्या लाडक्या नबीची अशी विटंबना अल्ला होऊच देणार नाही, असं खालाचं म्हणणं.

त्या दिवशी आजी चिडली नाही. पुढचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत नाही, काही आईकडून ऐकलेलं त्यात मिसळलं असेल. पण मतलब हा.

आजी म्हणाली, “मला विटंबना होऊ देणाराच हवा. मी रस्त्याच्या कडेला पडले होते, अंगावर चिंधी नव्हती. ज्याला भूक म्हणजे काय ते ठाऊक नाही, तो देव माझ्या काय कामाचा? येशूला भूक लागली होती. चाळीस दिवस. ते वाचलं तेव्हा मी त्याची झाले.”

खाला म्हणाली, “बाई, ज्याला भूक लागते तो देव कसा?”

आणि हा खालाच्या पदरचा मुद्दा नव्हताच. कुराणात येशू आणि मरियम यांच्याबद्दल हाच दाखला दिला आहे: मायलेक दोघंही अन्न खात होते. ज्याला अन्न लागतं त्याला गरज आहे, आणि ज्याला गरज आहे तो देव नाही. पुढे कुराणाचं मराठी भाषांतर वाचताना त्या जागी आले आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. इतका थोर वाद, इतका मुळाशी भिडलेला, आमच्या ओसरीवर दोन बायकांनी घातला होता. दोघींपैकी एकही धर्मशास्त्र शिकलेली नव्हती.

खालाला न खाणारा, न थकणारा, न मरणारा देव का हवा होता, तेही सांगते. तिची दोन मुलं देवीच्या साथीत गेली होती, एका आठवड्यात. “जो जन्मला तो जातो,” ती म्हणायची. “मला जाणारा नको.” आजी देवाला बाप म्हणायची, ते तिला ऐकवत नसे. तिच्या लेखी बाप हे नातं फार लहान, फार माणसाचं. बाप म्हातारा होतो. बाप मरतो. आजीचा बाप तर रस्त्यातच राहिला होता, आणि म्हणूनच तिला पुन्हा एक बाप हवा होता. प्रभूची प्रार्थना सुरू करताना पहिल्या शब्दाला आजीचा आवाज बदलायचा. आम्हा नातवंडांना तो बदल पाठ होता.

दोघींच्या मनात एकमेकींच्या देवाविषयी गैरसमज नव्हते असं नाही. आजीला वाटायचं, अल्ला फार लांबचा आहे. वर कुठेतरी तख्तावर बसलेला, हुकूम सोडणारा. खालानं तिला एकदा चांगलंच सुनावलं. लांब कसला, गळ्याच्या शिरेपेक्षा जवळ आहे तो. खाली उतरायला तो दूर गेलाय कुठे? आणि हुकमाचं म्हणाल, तर कुराणातल्या ११४ सूरांपैकी ११३ त्याच्या दयेचं नाव घेऊनच सुरू होतात. तिच्या तसबीला नव्व्याण्णव मणी होते, एकेका नावाला एकेक. कृपाळू, क्षमा करणारा, पोसणारा, ऐकणारा. दुपारची भांडी झाली की ती उंबऱ्यावर बसून ओढायची. ओढता ओढता मध्येच थांबून भाजीवाल्याशी घासाघीस करायची आणि पुन्हा त्याच मण्यापासून पुढे. तिला त्यात काही वावगं वाटत नसे. भाजीवालाही तिथेच आणि अल्लाही तिथेच.

आजीनंही एक डाव खालावर उलटवला होता. चाचाचं घराणं मूळचं श्रीगोंद्याकडचं. उरुसाला ही मंडळी दर्ग्यात मलिदा न्यायची. आजी म्हणाली, एकाशिवाय दुसऱ्या कुणापुढे हात पसरत नाही म्हणता, मग पिराला का जाता? खालाच्या माहेरी खरं तर हे चालत नसे. तिचा भाऊ पिरांना मानणाऱ्यांतला नव्हता, त्यामुळे ती घुटमळली. उत्तर चाचानं दिलं: “पीर देत नाही, बाई. पीर आमच्यासाठी मागतो. देणारा एकच.”

आजी लगेच म्हणाली, “आमचा येशू मागतोही आणि देतोही.”

मध्यस्थ आणि देव एकच असू शकतो का, यावर दोन धर्मांची वाट फुटते. ती इतक्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे कुठे वाचली नाही.

श्रीगोंदा निघालं म्हणून सांगते. दौंडहून नगरच्या गाडीत बसलं की वाटेत श्रीगोंदा रोड लागतं. शेख महंमद तिथलेच. जन्मानं मुसलमान, ओव्या-अभंग मराठीत, ‘योगसंग्राम’ हा त्यांचा ग्रंथ, आणि वारकऱ्यांनी त्यांना आपलं मानलेलं. मालोजीराजांनी त्यांना गुरू केलं, असं सांगतात. चाचा त्यांना ‘आमचे बाबा’ म्हणायचा, आणि आमच्या शाळेतले माळकरी गुरुजीही ‘आमचे बाबा’च म्हणायचे. त्याच लोहमार्गावर पुढे नगर, तिथे नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तुकोबांच्या वळणानं ख्रिस्ताची भजनं लिहिली. ख्रिस्ताला त्यांनी आई म्हणून हाक मारली. आजी ती भजनं जात्यावर म्हणायची. कधी कधी पलीकडून खाला विचारायची, थांबलीस का, म्हण की पुढचं. अर्थ पटो न पटो, चाल तिला आवडायची. निराकार देवाचं आणि देह घेतलेल्या देवाचं असं दोन्ही बोलणं या मुलखानं एकाच छंदात ऐकलं आहे. म्हणून तर आमच्या ओसरीवर त्या वादाला कुणी बिचकलं नसावं.

आजी १९७० च्या आगेमागे गेली. त्यानंतर काही वर्षांनी रमाबाईंच्या पत्रांचं पुस्तक निघालं. इंग्लंडात रमाबाईंना आश्रय देणाऱ्या सिस्टर जेराल्डिननं जपून ठेवलेला पत्रव्यवहार, ए. बी. शहांनी संपादित करून १९७७ साली छापलेला. मी तेव्हा मास्तरकीत होते, शाळेच्या कामानं पुण्याला गेले की ग्रंथालयात बसायची. आजीच्या ओढीनं ते हातात घेतलं आणि थक्क झाले.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, हे मला माहीत होतं. पण बाप्तिस्म्यानंतर दोन-तीन वर्षं त्या सिस्टर जेराल्डिनशी आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी नेमक्या याच प्रश्नावरून भांडत होत्या, हे आजीनं कधी सांगितलं नव्हतं. तिला ठाऊकच नसावं. त्रैक्य त्यांना पटत नव्हतं. अथानासियसच्या नावानं चालत आलेला मतांगीकार त्यांना म्हणवेना. येशू हा देवच, हे बुद्धीला पटल्याशिवाय ओठांवर आणायचं नाही, असा त्यांचा हट्ट. सिस्टरला तो गर्व वाटला. बाईंनी कळवलं, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मी नुकतंच मानेवरून उतरवलं आहे, आता पुन्हा दुसरं कुणाचं घेणार नाही. पंचविशीतली बाई, परका देश, ज्यांच्या आश्रयाला राहायचं त्यांच्याशीच हा वाद. पुढे भारतात परतल्यावर, १८९१ च्या सुमाराला, त्यांना ख्रिस्त आपला वाटला, तो वादानं नाही, अनुभवानं. ‘माझी साक्ष’मध्ये त्यांनी ते लिहिलं आहे. आणि मग केडगाव, दुष्काळ, मुक्ती.

म्हणजे ज्या बाईंनी आजीला वाचवलं, त्या एके काळी खालाच्या अगदी जवळ उभ्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत दौंडला गेले तेव्हा खालाला हे सगळं सांगितलं. चाचा रिटायर होऊन त्यांनी भीमेच्या बाजूला छोटं घर बांधलं होतं. तिला डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण ऐकू चांगलं यायचं. आपलं खरं ठरलं म्हणून ती हरखून जाईल, असं मला वाटलं होतं. तिनं आधी विचारलं, “हे तुझ्या आजीला माहीत होतं?” मी नाही म्हटलं. मग म्हणाली, “तेव्हा मी तिथं असते ना, तर त्या पंडितीणबाईला आमच्याकडेच ओढून आणलं असतं. अर्ध्या वाटेवर तर आली होती.”

माझ्यापुढे शेंगदाण्याची चिक्की सरकवली आणि जरा वेळ तसबी हातात नुसतीच धरून बसली.

“पण मग ती केडगावला आली नसती,” ती म्हणाली. “मग तुझ्या आजीला आणायला कोण गेलं असतं?”

मला उत्तर सुचलं नाही. तिनंच दिलं. “अल्लानं कुणालातरी पाठवलंच असतं.” आणि लगेच पुढे, “हे ऐकून तुझी आजी काय म्हणाली असती, सांगू? पाठवलं नसतं, तो स्वतः आला असता.”